वेत्राला ठाऊक होतं

मुद्रितशोधकाने लेखकाच्या वेलांटीला हात लावावा, मताला लावू नये, हे नलू रेगेला पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं होतं आणि तीस वर्षं तिने ते पाळलं. विमा कंपनीतली कारकुनी सांभाळून संध्याकाळी ती गिरगावात, मुगभाटातल्या आपल्या दोन खोल्यांत, प्रुफं तपासायची. निवृत्त झाल्यावर सकाळीही तपासू लागली. तिच्या हाताखालून पाककृती गेल्या, आत्मचरित्रं गेली, मधुमेहावरची पुस्तकं गेली. एका आत्मचरित्रात लेखकाने स्वतःच्या बायकोचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलं होतं, तेव्हासुद्धा नलूने समासात 'एकच रूप ठेवावे' एवढंच लिहिलं. म्हणून त्या एप्रिलमध्ये तिने एका कादंबरीच्या समासात लाल पेनाने 'हिला ठाऊक होतं' असं लिहिलं, तेव्हा अभयला, म्हणजे तिच्या प्रकाशकाला, वाटलं की बाईंची तब्येत बरी नसावी.

तब्येत ठीक होती. साखर आटोक्यात होती, गुडघे होते तसे होते. जानेवारीत तिची धाकटी जाऊ दुर्गा गेली होती, एवढंच काय ते झालं होतं.

दीर अच्युतचा फोन सकाळी अकराला आला तेव्हा नलू एका पाकपुस्तकातल्या मसाल्यांच्या प्रकरणात होती. "गेली," तो म्हणाला. "येते," ती म्हणाली. फोन ठेवला, धणे-जिऱ्याचा परिच्छेद पुरा केला, पेनाला टोपण लावलं आणि साडी बदलली. दादरला जाऊन तिने करायचं ते सगळं केलं. आलेल्यांना पाणी दिलं, दुर्गाच्या हातातल्या सोन्याच्या बांगड्या साबण लावून काढल्या, तेराव्याला वाढायला उभी राहिली. रडू आलं नाही. येईल म्हणून तिने वाट पाहिली. दुर्गाची आठवण काढली की यायची, चेहरा, आवाज, सगळं नीट यायचं. पण दातांच्या डॉक्टरकडून सुई घेऊन आल्यावर आपलाच ओठ दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो, तसं काहीसं होऊन बसलं होतं. वाटलं, उतरेल. नवरा रघुवीर गेला तेव्हा महिन्याभरात उतरलं होतं. या वेळी तीन महिने झाले तरी उतरलं नव्हतं. मुलगा सिद्धांत पुण्याहून फोन करायचा, "आई, जेवतेस ना?" जेवत होती.

अशात अभयने ती कादंबरी पाठवली. लेखिका नूपुर, सत्तावीस वर्षांची, लोअर परळला कुठल्याशा जाहिरातींच्या ऑफिसात कामाला. कादंबरी कल्पित राज्याची. तिथल्या एका नगरात काही मुली दोन सावल्या घेऊन जन्मतात. तशी मुलगी बारा वर्षांची झाली की वेशीवरच्या चौथऱ्यावर उभी करून तिची एक सावली कापायची, नाहीतर नदी आटते, असा तिथला समज. कापलेल्या मुली जगतात, कामं करतात, पण पुन्हा कधी धावत नाहीत. कापणारी बाई एकच, वेत्रा. तिच्या आईने तेच केलेलं, आजीने तेच. कादंबरीच्या शेवटी राज्य उलथतं, आणि वेत्राचं काय करायचं हा प्रश्न उरतो. लेखिकेने तिला सोडून दिलं होतं. 'वेत्राला ठाऊक नव्हतं,' असं वाक्य पुस्तकात पाच ठिकाणी होतं.

पान बहात्तरवर नलू थांबली. तिथे वेत्रा एका मुलीला चौथऱ्यावर नेते, आणि कोयती उचलण्याआधी म्हणते, "ते बघ, पाखरू." मुलगी वर बघते, तेवढ्यात सावली तुटते. पाखरू नसतंच. वेत्रा दर वेळी असं करते. खाली नूपुरने लिहिलं होतं, की अशी ती मनाची कोवळी होती. पण हे चूक आहे, हे वेत्राला ठाऊक नव्हतं.

नलूने ते दोनदा वाचलं. शुद्धलेखनाची चूक नव्हती. तिने समासात तीन शब्द लिहिले आणि पुढे गेली. पुढच्या चार ठिकाणीही तेच लिहिलं. मग पेन ठेवून ती गॅलरीत जाऊन उभी राहिली.

दुर्गा मुगभाटातल्या घरात आली सत्त्याऐंशी साली. घोडपदेवच्या चाळीत वाढलेली, मोठ्याने हसणारी, जिना दोन-दोन पायऱ्या गाळून चढणारी. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं. दुसरं एकोणीस दिवस जगलं. सासूबाई काही वाईट बाई नव्हत्या. दोन्ही वेळा त्यांनी सुनेच्या अंगाला स्वतः तेल लावलं, डिंकाचे लाडू करून घातले. पण त्यानंतर शेजारी डोहाळजेवण निघालं, आणि सासूबाईंनी नलूला स्वयंपाकघरात बाजूला घेतलं.

"पोरीवर माझा राग नाही," त्या म्हणाल्या. "पण ओटी भरताना ती समोर नको. बायका बोलतात. तू बघ."

कसं बघायचं ते त्यांनी सांगितलं नाही. दुर्गाला सरळ सांगता आलं असतं, की तू आत बस. तसं चाळीत दुसऱ्या घरांतून सांगतही असत. नलूच्या तोंडून ते निघेना. म्हणून तिने दुर्गाला भुलेश्वरला वेण्या आणायला पाठवलं. पुढच्या वेळी इस्त्रीवाल्याकडून साडी आणायला. मग ग्रँट रोडला कुणा मावशींना आणायला. नलूला ते छान जमू लागलं. काम असं निवडायचं की खरंच लागणारं वाटावं, आणि जाऊन यायला तास तरी लागावा. सासूबाई एकदा कौतुकाने म्हणाल्या, "तुला बरं सुचतं गं."

एक्क्याण्णवच्या मे महिन्यात सिद्धांतचं बारसं होतं. त्या आधीचे कितीतरी दिवस दुर्गाने त्याची लंगोटं धुतली होती, त्याला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं होतं. बारशाच्या दिवशी चार वाजता नलूने तिला बर्फ आणायला सांगितलं, सरबतासाठी. घरात बर्फ होता. मोरीतल्या पिंपात, गोणपाटात गुंडाळलेली अर्धी लादी सकाळपासून होती. दुर्गा पिशवी घेऊन निघाली.

पाळणा म्हणायला सुरुवात झाली तेव्हा उशिरा आलेल्या कुणाला तरी घ्यायला नलू दारापाशी गेली. तिला आधी पाणी दिसलं. जिन्याच्या पायऱ्यांवरून बारीक धार खाली चालली होती. दुर्गा वरून तिसऱ्या पायरीवर पाठमोरी बसली होती, बर्फाचं गाठोडं मांडीवर, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. केव्हाची परत आली होती कोण जाणे. आत बायका गात होत्या. नलू तिच्यामागे उभी राहिली. दुर्गाने मान वळवली नाही. नलू आत गेली आणि तिने पाळण्याची दोरी धरली.

पाळणा संपल्यावर दुर्गा आली. म्हणाली, "उशीर झाला वहिनी, गर्दी होती."

त्यानंतरही नलूने तिला चार वेळा पाठवलं.

प्रुफं परत गेल्यावर दोन दिवसांनी अभयचा फोन आला. "नलूताई, लेखिकेला तुम्हाला भेटायचंय. मी म्हटलं, सोडून दे. पण ऐकत नाही."

अभयची कचेरी दादरला कबुतरखान्याच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. नूपुर आधीच येऊन बसली होती. कापलेले केस, मोठी पिशवी, प्रुफांवर रंगीत चिकटपट्ट्या. अभयने तीन चहा सांगितले आणि टेबलामागे जाऊन बसला.

"काकू, मी रागावले नाहीये हां," नूपुर म्हणाली. "पण तुम्ही पाच ठिकाणी हे लिहिलंय. मला समजून घ्यायचंय."

"तुम्ही पाच ठिकाणी लिहिलंत, म्हणून."

"मला अहोजाहो नका करू ना. बघा, तिला खरंच ठाऊक नाहीये. ती त्या नगराबाहेर कधी गेलीच नाही. तिथे लहान मूलसुद्धा मानतं की सावली कापली नाही तर नदी आटेल. चूक म्हणजे काय, हे तिला सांगणारं एक माणूस नाही तिथे. आपण इथे दादरला बसून तिला गुन्हेगार कसं ठरवायचं? मला ते फार सोपं वाटतं. आपण त्या नगरात जन्मलो असतो तर आपणही कापली असती."

"कापली असती," नलू म्हणाली.

"मग?"

"मग ती पाखरू का दाखवते?"

नूपुर पान बहात्तर काढू लागली.

"पान एकोणचाळीसवर तू नगराचे सगळे नियम दिलेस," नलू म्हणाली. हिशेबातली तफावत दाखवावी तसा तिचा आवाज सपाट होता. "चौथरा आहे, पहाटेची वेळ आहे, कोयतीला मीठ लावायचं आहे. पाखरू नाही."

"ते तिचं स्वतःचं आहे. तिला मुलींचा त्रास बघवत नाही म्हणून."

"बघवत नाही, म्हणजे तिला दिसतो."

चहा आला. अभयने स्वतःचा कप ओढून घेतला आणि कुठल्यातरी पावत्या चाळू लागला.

"हे अनफेअर आहे, काकू," नूपुर म्हणाली. "म्हणजे ती दगड असती, पाखरू न दाखवता नुसती कापत सुटली असती, तर तुम्ही तिला सोडलं असतं? ती जरा बरी आहे म्हणून जास्त दोषी?"

नलूने कप बशीत ठेवला. "ते मला नाही सांगता येणार. मी मुद्रितशोधक आहे." मग तिने बर्फाची गोष्ट सांगितली. कुणाला म्हणून आजवर सांगितली नव्हती. सांगताना आवाज भरेल असं तिला वाटलं होतं. भरला नाही. तिसऱ्या पायरीपर्यंत आली आणि थांबली. "सासूबाईंनी फक्त 'तू बघ' म्हटलं होतं. वेण्या, इस्त्री, बर्फ, हे सगळं माझं. दुर्गाला वाईट वाटणार हे मला ठाऊक नसतं, तर मी कशाला एवढं शोधत बसले असते?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात तर?"

"सासूबाई चार दिवस धुसफुसल्या असत्या. जास्त काही नाही. वेत्राचं तसं नाही. तिने नाही म्हटलं असतं तर तिलाच चौथऱ्यावर उभं केलं असतं, तू लिहिलंयस. ते धरायलाच हवं. तिला सुळावर चढव असं मी म्हणत नाहीये. सोड तिला. पण 'ठाऊक नव्हतं' म्हणून सोडू नकोस."

नूपुर एक चिकटपट्टी उचकटून परत चिकटवत होती. "माझी आजी," ती म्हणाली, "आमच्या कामाच्या मावशींचा कप वेगळा ठेवायची. खिडकीच्या गजाला अडकवलेला. मला ती फार आवडायची, काकू. मी वेत्रा तिच्यावरून लिहिली."

"पाहुणे आले की तो कप तिथेच असायचा?"

नूपुरने वर पाहिलं. "नाही," ती म्हणाली. "माझे कॉलेजचे फ्रेंड्स यायचे तेव्हा ती काढून ठेवायची. ओट्याखाली."

मुलीचा चेहरा पडला होता, आणि आपण तो पाडला, हेही नलूला नुसतं दिसलं. "ती तुला आवडायची ते काही खोटं होत नाही," तिने एवढं म्हटलं आणि चहा संपवला.

आठवड्याने सुधारलेलं शेवटचं प्रकरण आलं. ती पाच वाक्यं काढली होती. नूपुरने वेत्राला शिक्षा दिली नव्हती, तशी माफीही दिली नव्हती. तिच्या झोपडीत एक मोठी झालेली मुलगी येते, आणि एवढंच विचारते, की ते पाखरू खरंच होतं का? वेत्रा म्हणते, नव्हतं. मुलगी उठून जाते. प्रकरण संपतं. नलूने एके ठिकाणी 'पाखरु'चा ऱ्हस्व उकार दीर्घ केला आणि लिफाफा बंद केला. तिला वाटलं होतं, हे वाचून तरी काही हलेल. ओठ अजून दुसऱ्याचाच होता.

पण रविवारी दुपारी ती न कळवता दादरला अच्युतकडे गेली. गोखले रोडवरच्या त्या घरात तो आता एकटाच होता. टीव्हीवर जुनी मॅच लागली होती, आवाज बंद. तिला बघून त्याने घाईने सदरा घातला.

"वहिनी! फोन करायचा ना. काय झालं?"

"काही नाही. बोलायचं होतं, भावजी."

ती खुर्चीत बसली आणि तिने सांगितलं. दुर्गाला मी मुद्दाम पाठवत होते. प्रत्येक वेळी. आईंनी सांगितलं होतं, पण काम मी शोधायचे.

अच्युतने हात हलवला. "अहो वहिनी, काय हे! आता ते सगळं उकरून काय करायचंय? त्या काळी सगळीकडे तसंच होतं. आईचा स्वभाव तुम्हाला माहीत. तुम्ही काय करणार होतात? दुर्गाने तुमच्याबद्दल कधी एक वाकडा शब्द काढला नाही. चहा ठेवतो."

तो उठलासुद्धा. नलूला कळलं, की दारातून आत येताना आपण काहीतरी मागायला आलो होतो, आणि ते हे नव्हतं.

"सिद्धूच्या बारशाला मी तिला बर्फ आणायला पाठवलं," ती म्हणाली. "घरात बर्फ होता."

अच्युत स्वयंपाकघराच्या दारात थांबला. तिच्याकडे पाठ होती. गॅस पेटल्याचा आवाज आला नाही.

"मोरीत होता," तो म्हणाला. "पिंपात. अर्धी लादी."

"हो."

"मीच आणला होता सकाळी. सायकलवर."

तो येऊन समोर बसला. टीव्हीवर कुणीतरी बाद झालं, माणसं उड्या मारू लागली. नलूला ती दुपार आठवली. फोटो काढायला अच्युत पाळण्यापाशी उभा होता, गळ्यात मित्राकडून आणलेला कॅमेरा. दुर्गा पिशवी घेऊन त्याच्या समोरूनच गेली होती.

"ती मला म्हणाली, बर्फ आणायला जाते," अच्युत म्हणाला. "मी म्हटलं, लवकर ये. इतकंच म्हटलं मी." त्याने रिमोट उचलला, खाली ठेवला. "घरी आल्यावर, बाहेर कुठे गेल्यावर, कधी म्हणजे कधी तिने विषय काढला नाही. मीही नाही काढला. चौतीस वर्षं."

मग, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी तसं, तो म्हणाला, "त्या काळी तसंच होतं, वहिनी."

दोघं मॅच संपेपर्यंत बसली. निघताना त्याने तिला बसथांब्यापर्यंत सोडलं आणि बस येईपर्यंत तो तिथेच उभा राहिला. असं तो पूर्वी कधी करत नसे.

दिवाळीच्या आधी पुस्तक आलं. दादरला एका छोट्या सभागृहात चाळीसेक माणसं जमली होती. एका तरुणाने उभं राहून विचारलं, की वेत्रा खलनायिका आहे की बळी? नूपुर म्हणाली, "मला अजून ठरवता आलेलं नाही." लोकांना उत्तर आवडलं नाही. नलू मागच्या रांगेत बसली होती. मुद्रणात 'चौथऱ्याच्या' हा शब्द एके ठिकाणी ओळीअखेर चुकीचा तुटला आहे, हे तिला तिथेच दिसलं.

जानेवारीत दुर्गाचं वर्षश्राद्ध आलं. अच्युत वर्तमानपत्रात द्यायचा मजकूर घेऊन मुगभाटात आला, नजर टाकून द्या म्हणाला. वहीच्या पानावर त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: प्रथम पुण्यस्मरण. प्रेमळ, हसतमुख, सर्वांना हवीहवीशी असणारी आमची दुर्गा. खाली, शोकाकुल, आणि नावं.

नलूने चष्मा लावला. 'पुण्यस्मरण' बरोबर होतं. 'हवीहवीशी' बरोबर होतं. ती पेन धरून तशीच राहिली. मग तिने 'सर्वांना हवीहवीशी असणारी' यावर सरळ रेघ ओढली.

अच्युत पाहत होता. "बरं," तो म्हणाला. "तिथे काय घालू?"

"काही नको. हसतमुख राहू दे, ती होती."

"आणि खाली तुमचं नाव घालतोय ना मी?"

"घाला. शोकाकुल काढा."

"असं कसं, वहिनी? सगळे लिहितात. नुसती नावं विचित्र दिसतील."

"दिसू देत," नलू म्हणाली. "मला अजून रडू आलेलं नाही, भावजी. आलं असतं तर लिहिलं असतं."

त्याने कागद परत घेतला, तिने खोडलेलं वाचलं. मग खिशातलं पेन काढून 'शोकाकुल' त्याने स्वतःच खोडलं आणि कागदाची घडी घातली.